जुन्या कमांडरच्या गिअरबॉक्सला साधं ९० नंबर ऑईल, १४ महिने वापरून

आमच्याकडे १९९८ ची महिंद्राची कमांडर जीप आहे, एमएच १९ पासिंग, डिझेल, टू व्हील ड्राईव्ह. घेतली तेव्हा मी चौथीत होतो अन आता माझा पोरगा चौथीत आहे, यावरून गाडीचं वय काढा. ठिबकच्या नळ्या, कापसाची गाठोडी, लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, सगळं वाहून झालंय तिचं. दर पासिंगला ग्रीन टॅक्स भरताना बायको म्हणते विकून टाका, आप्पा म्हणतात मी आहे तोवर नाही. तर विषय संपला.

रिव्ह्यू आहे सर्वो गिअर एचपी ९० चा. इंडियन ऑईलचं साधं मिनरल गिअर ऑईल, जीएल-४ वालं (जीएल हा गिअर ऑईलचा प्रकार, ४ अन ५ चा फरक खाली सांगतो). सिंथेटिक नाही, काही नाही, आपल्याकडे ज्याला सगळे नुसतं "नाइंटी" म्हणतात ते. खरं सांगायचं तर ब्रँडचा हा रिव्ह्यू नाहीच, दुसऱ्या चांगल्या कंपनीचं जीएल-४ घेतलं असतं तरी बहुतेक हेच लिहिलं असतं, मला ते पंपावर सीलबंद मिळालं म्हणून ते. पण या साध्या डब्यापर्यंत पोचायला मी पाच महिने अन बऱ्यापैकी पैसे घालवलेत, ते आधी सांगतो म्हणजे तुमचे वाचतील.

मागच्या ते मागच्या दिवाळीला गाडीची सर्व्हिस काढली. गिअर ऑईल कधी बदललं होतं कोणालाच आठवेना, आप्पा म्हणे "बदललं होतं ना, तुझ्या ताईच्या लग्नाच्या टायमाला". ताईची पोरगी कॉलेजला आहे. म्हणलं यावेळेस जरा चांगलं टाकू, म्हातारीला खाऊ घालू काहीतरी. तालुक्याच्या गावातलं एक मोठं दुकान आहे, नाव घेत नाही, माणूस वाईट नाहीये. त्याला म्हणलं गिअरबॉक्सला नाइंटी द्या चांगल्यातलं, त्याने ७५डब्ल्यू-९० फुल्ली सिंथेटिक, जीएल-५ असा डबा काढला. मी विचारलं जीएल-५ चालेल का, तर म्हणे "चारपेक्षा पाच भारीच ना भाऊ". मलाही पटलं. लिटरला हजाराच्या वर गेले. डबा इतका देखणा होता की रिकामा झाल्यावर आईने त्यात रॉकेल ठेवलं.

आता झालं काय, आठ-दहा दिवसांत दुसऱ्या गिअरला कर्रर्र. तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना तर हमखास, जरा घाईत टाकला की पूर्ण बाजाराने वळून बघावं असा आवाज. आधी थोडं व्हायचं, पण हे वेगळंच. क्लच ॲडजस्ट करून झाला, फरक नाही. अन गंमत म्हणजे आप्पा चालवायला बसले की आवाज बंद! मला म्हणाले गाडीत काही नाही, ड्रायव्हरमध्ये आहे. महिनाभर मी हे ऐकून घेतलं.

उत्तर तिथेच होतं, मला कळलं नाही. आप्पा तरुणपणी ट्रक चालवायचे, त्यांना डबल क्लच मारायची सवय, आजही मोडली नाहीये. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, जरा रेस, परत क्लच, मग खालचा गिअर. असं केलं की गिअरबॉक्सच्या आतल्या दोन्ही दातेरी चाकांचा वेग आधीच जुळून येतो, सिंक्रोमेशला, म्हणजे हा वेग जुळवून देणाऱ्या रिंगांना, काही कामच उरत नाही. म्हणजे डबल क्लचने आवाज जातो अन साध्या क्लचने येतो याचा अर्थ बिघाड सिंक्रोचा, नाहीतर सिंक्रोला काम करू न देणाऱ्या ऑईलचा. हे मला मिस्त्रीने समजावलं, अन तेही फेब्रुवारीत, जेव्हा गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून ऑईल गळायला लागलं अन अंगणात फरशीवर रोज सकाळी बश्यांएवढे डाग पडायला लागले.

मिस्त्री आमचा जुना आहे, सगळे त्याला अण्णाच म्हणतात, पारोळा रोडला पत्र्याचं गॅरेज. फिलरचा नट खोलून त्याने आत करंगळी घातली, वास घेतला अन म्हणाला, "हाई तेल कोनी टाकं यामा?" मी म्हणलं अण्णा, महागातलं आहे. तर म्हणे, "महाग शे म्हणीसन चांगलं शे का?" म्हणजे महाग आहे म्हणून चांगलं आहे का.

हे वाक्य मला त्या दुकानाच्या काउंटरवर लिहायचंय खरं तर.

इथे एक गोष्ट नीट लिहितो, कारण आपल्याकडे दहातल्या आठ जणांचा यातच घोळ होतो. जीएल-४ अन जीएल-५ या काही चौथी-पाचवीच्या इयत्ता नाहीत की पाचवी वरची. इंजिन ऑईलमध्ये साधारण नवं अक्षर जुन्याच्या जागी चालतं, तसं इथे नाही. ही दोन वेगळ्या कामांची ऑईलं आहेत. जीएल-५ हे मुळात डिफरन्शियलसाठी, म्हणजे मागच्या चाकांमधल्या हाउसिंगमधलं क्राऊन-पिनियन, चाकांना फिरवणारी दातेरी जोडी. तिथले दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात, दाब भयंकर, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची ईपी (जास्त दाब सोसणारी) ॲडिटिव्हं भरपूर असतात, जीएल-४ च्या साधारण दुप्पट धरा. गिअरबॉक्समध्ये एवढा दाब नसतो, तिथे उलट पितळेच्या सिंक्रो रिंगा असतात. रिंगने गिअरच्या कोनला धरून त्याचा वेग जुळवायचा असतो, आणि धरायला थोडं घर्षण लागतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण तेलकट हाताने उघडून बघा, हात फिरतो अन झाकण जागच्या जागी. जीएल-५ मध्ये रिंगेचं तेच होतं, घसरते, वेग जुळायच्या आत तुम्ही दांडा ढकलता, दातावर दात, कर्रर्र.

दुसरं, ते गंधक पितळेला खातं असं सगळे मिस्त्री सांगतात, "पितळ खाई जास" हे अण्णाचंही पेटंट वाक्य आहे. यात तथ्य आहे, ऑईल जास्त तापलं की गंधक पितळेवर काम करतं. पण आजकालच्या चांगल्या जीएल-५ मध्ये ते बऱ्यापैकी आटोक्यात ठेवलेलं असतं, तेव्हा पाच महिन्यांत रिंगा गिळून टाकल्या असं मी म्हणणार नाही. माझ्या मते घसरणं हाच मोठा भाग होता. अण्णाला हे सांगितलं तर तो मान्य करत नाही, सोडून दिलं.

ऑईल काढताना मी तिथेच होतो. अण्णाची पद्धत अशी की आधी भरायचा नट खोलायचा, तो सुटतोय याची खात्री झाली की मगच खालचा ड्रेनचा. का, तर जुन्या गाडीत भरायचा नट जाम असला अन तुम्ही खालून सगळं सोडून बसलात तर गाडी तिथेच मुक्कामाला. अन गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणायला लावली, गरम ऑईल लवकर उतरतं अन खालचा गाळ सोबत घेऊन येतं. पसरट ताटलीत ते धरलं, उन्हात नेलं अन हळूहळू हलवलं. काळपट ऑईलवर बारीक सोनेरी चमक, जरीच्या साडीला झटकल्यावर पडते ना तशी. अण्णाने लोहचुंबक फिरवलं, चमक जागची हलली नाही. हे पितळ. ड्रेन नटच्या चुंबकावर मात्र राखाडी चिखल होता, तो लोखंडाचा, तेवढा चालतो म्हणे एवढ्या वर्षांच्या गाडीला, बोटात चुरडून बघितला, किस किंवा तुकडे हाताला लागले नाहीत म्हणजे दात शाबूत. तुमच्या गाडीचं काढाल तेव्हा हे नक्की बघा, फुकटातलं एक्सरे आहे.

आता गळतीचं. मी सगळा दोष सिंथेटिकवर टाकून मोकळा झालो होतो, की पातळ असतं, जुन्या सीलमधून वाट काढतं, मिनरल असतं तर गळलं नसतं. हे थोडं खरं आहे. जुनी रबरी सीलं कडक झालेली असतात, अन वर्षानुवर्षांचा गाळच कधीकधी बुच होऊन बसलेला असतो, नवीन ऑईल तो धुऊन काढतं. पण अण्णाने वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी तोटी, काढून दाखवला तर तो काळ्या मातीने पक्का लिंपलेला, टाचणी जाईना. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला जायला वाट नसली तर ती ऑईलला सीलमधून ढकलते. आमची गाडी पावसाळ्यात कपाशीच्या बांधापर्यंत जाते, चिखल वर चढणारच. सील बदललं, ब्रीदर साफ केला. म्हणून गळती थांबली त्याचं श्रेय मी सर्वोला देत नाही, कोणी देत असेल तर त्यालाही विचारा सील बदललं का म्हणून.

मग ऑईल. अण्णा म्हणाला, साधं आण, पंपावरून आण, सील बघून आण, डब्यावर ४ बघून आण. सुट्टं ड्रममधलं आणू नको. मी तीन लिटर घेतलं, लिटरमागे साडेतीनशेच्या घरात पडलं. एक सावध राहा, सर्वोमध्येच गिअर एचपी अन गिअर सुपर असे दोन आहेत, डबे लांबून सारखेच, ९० दोन्हीवर. एचपी म्हणजे जीएल-४, सुपर म्हणजे जीएल-५. काउंटरवरच्या पोराला फरक माहीत असेलच असं नाही, मला त्याने पहिल्यांदा सुपरच दिलं होतं, मागची बारीक अक्षरं वाचली म्हणून वाचलो. सुपर परत केलं नाही, डिफरन्शियलला लागणारच होतं. तिथे जीएल-५ च पाहिजे. काही गॅरेजवाले एकाच डब्यातून दोन्हीकडे टाकतात, तसं करू देऊ नका, दोन डबे घ्या, तुमच्यासमोर टाकायला लावा.

पहिलं भरलं ते ५०० किलोमीटरवर काढून टाकलं. जुन्याचा अंश राहतोच आत, तो धुऊन निघावा म्हणून. हजार रुपये लिटरवालं असतं तर असं काढून फेकायची हिंमत झाली असती का? साध्या ऑईलचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो, स्वस्त असतं म्हणून आपण ते वेळेवर बदलतो. महागाचं टाकून दहा वर्षं विसरण्यापेक्षा हे बरं. भरताना गाडी सपाटीला उभी, बाजूच्या भोकाच्या काठापर्यंत, काठावरून ओघळायला लागलं की बास. जास्त कोंबायचं नाही. भरायला पिचकारी लागते, कारण भोक बाजूला अन नरसाळं तिथे बसतच नाही, अन डब्याचं तोंड असं आहे की अर्धा कप तरी तुमच्या बाहीत जाणार. या डब्याच्या तोंडासाठी मी अर्धा स्टार कापतोय.

फरक? दुसऱ्या दिवशीच. जादू म्हणणार नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना आता दांडा एक क्षण अडतो, मग आपसूक आत जातो. तो अडतो ना, तेच पाहिजे असतं, रिंग आपलं काम करतेय. मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढलो, संभाजीनगरला लग्न होतं, गाडीत नऊ माणसं अन टपावर आहेराचं सामान, पारा पंचेचाळीसच्या आसपास, अर्धा घाट ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, परत दुसरा, असं किती वेळा केलं देव जाणे. एकदाही आवाज नाही. वर पोचल्यावर गिअरचा दांडा हाताला चटका देत होता, पण कॅबिनमधला पत्राही देत होता, त्याचं काय.

थंडीत मात्र हे ऑईल कुरकुरतं, सांगायला पाहिजे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला पहाटे पाचला निघालो, आप्पांना घोडे बघायचे होते, घ्यायचे नव्हते, नुसते बघायचे. त्या दिवसांत आपल्याकडे धुळ्याकडच्या पट्ट्यात पारा पाच-सहापर्यंत उतरतो. पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर गुळाच्या ढेपेत सुरी घातल्यासारखा. जोर लावायचा नाही, सावकाश चालवायचं, ऑईल कोमट झालं की मोकळं होतं. दोंडाईचा येईपर्यंत काही जाणवत नव्हतं. हे सिंगल ग्रेड ९० आहे म्हणून असं होतं. पुढच्या वेळेस मी ८०डब्ल्यू-९० घेणार, मिनरलच, जीएल-४ च, फक्त थंडीत थोडं पातळ राहणारं.

अन इथेच ७५डब्ल्यू सिंथेटिकचा मुद्दा संपतो माझ्या मते. त्या डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे किती थंडीत ऑईल वाहतं राहायला पाहिजे त्याची परीक्षा. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांवर होते, ८०डब्ल्यूची उणे २६ वर, ८५डब्ल्यूची उणे १२ वर. उणे ४०! अमळनेरात! लडाखला राहत असतो तर जास्तीचे पैसे हसत दिले असते. गरमीत दोन्ही ९० च असतात, त्यामुळे उन्हाळ्यात जाडीचा फार फरक पडत नाही. सिंथेटिक जास्त दिवस टिकतं, उष्णता जास्त सोसतं, हे मान्य, रोज ३०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ते परवडेलही. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या २७ वर्षांच्या गाडीला काय करायचंय ते.

आणखी एक गैरसमज. ९० आकडा बघून लोकांना वाटतं हे इंजिनच्या २०डब्ल्यू-४० च्या दुप्पट जाड. तसं नाही, दोन्हीच्या मोजपट्ट्या वेगळ्या. गरम झाल्यावर गिअरचं ९० हे इंजिनच्या ४० ते ५० च्या आसपासच भरतं.

उलट बाजूचा जुगाड म्हणजे १४० नंबर. गिअरबॉक्स आवाज करतो म्हणून १४० टाकणारे खूप आहेत, शेजारच्या गावातल्या एकाने टाकलंय, आवाज कमी झाला म्हणून सांगत फिरतो. आवाज कमी होतो, बेअरिंग गेलेलं तसंच राहतं. अन थंडीत गिअर टाकायला दोन माणसं लागतील. याच्याही पुढचे लोक आहेत, जुनी गाडी विकायच्या आधी गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा नाहीतर केळीची सालं घालायचे असं अण्णा सांगतो, गिऱ्हाईक चक्कर मारून येईपर्यंत गप्प राहतो म्हणे. केळीच्या पट्ट्यातून, रावेर-यावलकडून जुनी गाडी घेताना ऑईलचा वास घेऊन बघा (तिकडच्या पाहुण्यांनो, हलकं घ्या).

ट्रॅक्टरचं उरलेलं ऑईल जीपमध्ये टाकायची सवय तर घरोघरी आहे, आमच्याकडेही होती. ट्रॅक्टरमध्ये ऑईलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर त्याचं ऑईल वेगळंच असतं, ते गिअरबॉक्स, हायड्रॉलिक अन ब्रेक तिन्ही सांभाळतं. ते जीपला टाकायचं नाही अन जीपचं त्याला तर अजिबात नाही. अन हे सगळं मी जुन्या गाडीचं बोलतोय, ज्याच्या पुस्तकात ९० किंवा ८०डब्ल्यू-९० जीएल-४ लिहिलंय. नव्या गाड्यांच्या गिअरबॉक्सना बरीच पातळ ऑईलं लागतात, त्यात हे जाडं ओतून मला शिव्या देऊ नका, पुस्तक बघा.

१४ महिने झाले, साधारण ९,००० किलोमीटर. मागच्या आठवड्यात उत्सुकता म्हणून नट खोलून थोडं काढून बघितलं, रंग गडद झालाय, जळका वास नाही, ताटलीत सोनेरी चमक शोधायला उन्हात तीनदा फिरवावं लागलं. आहे, पण तुरळक. लेव्हल काठाला. फरशीवर डाग नाही. पहिल्या गिअरला अजूनही गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकलं तर ओरडते, ते आधीपासूनच होतं, रिंगा झिजल्यात त्या कुठलंही ऑईल भरून काढणार नाही, गिअरबॉक्स उतरवूनच होईल कधीतरी.

पाचपैकी साडेचार. अर्धा तोंडाचा कापला ते वर सांगितलंच. सील बघा, ४ बघा, बिल घ्या.

आप्पा अजूनही डबल क्लचच मारतात. मी म्हणलं आप्पा, आता गरज नाही, ऑईल बदललंय. तर म्हणाले, "तुला गरज नाही. मला आहे." तीन लिटरमधलं थोडं उरलं होतं, ते त्यांनी गोठ्याच्या फाटकाच्या बिजागरीला घातलं.